रात्रीचा धूर, मुलाचा दम आणि यजमानांची नोकरी

चंद्रपूर जिल्ह्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यातील आवश्यक तेवढा भाग त्यांच्याच शब्दांत देत आहोत.

"आमचे गाव औद्योगिक वसाहतीला लागून आहे. एका अंगाला स्पंज आयर्नचा कारखाना आणि दुसऱ्या अंगाला कोळशाच्या ट्रकांचा रस्ता. रात्री बारा-एकच्या सुमारास धूर सुटतो आणि सकाळी दोरीवरचे कपडे, अंगणातली भांडी, तुळशीची पाने सगळे काळे झालेले असते. माझा मुलगा तिसरीत आहे. दोन हिवाळ्यांपासून त्याला रात्री खोकल्याची ढास लागते, छातीत घुरघुर होते. डॉक्टर वाफ देतात, औषधाची बाटली देतात, आठ दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. दिवाळीत माहेरी भंडाऱ्याकडे गेलो की पोर एकदाही खोकत नाही. सासूबाईंनाही दम लागतो. यजमान त्याच कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहेत. तक्रार केली तर त्यांचे काम जाईल असे गावातले सगळेच म्हणतात. मुलाचा आजार धुरामुळेच आहे का? त्याला घेऊन माहेरी जावे का? की तक्रार करावी, आणि केली तर कोणाकडे?"

ताई, सस्नेह नमस्कार.

तुमचे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, पण त्यांची उत्तरे एकमेकांवर अवलंबून ठेवू नका. कारण सिद्ध झाल्यावर उपचार करू, किंवा तक्रारीचा निकाल लागल्यावर मुलाचे बघू, असे होता कामा नये. मुलाचा उपचार या आठवड्यात सुरू व्हायला हवा. बाकीच्या गोष्टींना महिने लागतील, काहींना वर्षेही लागतील.

तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य दिवाळीचे आहे. जागा बदलली की खोकला थांबतो आणि घरी परतले की पुन्हा सुरू होतो, ही गोष्ट डॉक्टर निदान करताना गांभीर्याने घेतात, आणि कदाचित आजवर तुम्हाला ती कोणी विचारलीच नसेल. तुम्ही लिहिलेली लक्षणे, म्हणजे रात्रीची ढास, छातीतील घुरघुर, वाफ दिल्यावर येणारा आराम आणि हिवाळ्यात वाढणारा त्रास, ही बालदम्याकडे बोट दाखवतात. पक्के निदान मात्र बालरोगतज्ज्ञांनी मुलाला तपासूनच करायचे आहे. दम्याची प्रवृत्ती मुलात उपजत असू शकते, घराण्यातून आलेली असू शकते, म्हणून 'हा आजार धुरानेच झाला' असे एका मुलाच्या बाबतीत छातीठोकपणे सांगता येत नाही. परंतु ज्याच्या श्वासनलिका आधीच हळव्या आहेत त्याला धूर आणि धूळ पुन्हा पुन्हा आजारी पाडतात, याबद्दल वैद्यकशास्त्रात शंका उरलेली नाही. कोळसा जळताना निघणारा सल्फर डायऑक्साइड दमेकऱ्याच्या श्वासनलिका काही मिनिटांत आवळतो. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक असलेले धूलिकण नाकातल्या केसांना आणि घशाला चुकवून थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. मुले मोठ्यांपेक्षा भराभर श्वास घेतात, वजनाच्या मानाने अधिक हवा आत ओढतात, आणि त्यांची फुफ्फुसे अजून वाढत असतात. त्यामुळे त्याच अंगणात, त्याच रात्री तुमच्यापेक्षा तुमच्या मुलाचे नुकसान अधिक होते.

दवाखान्यात यंत्रातून देतात त्या औषधाच्या वाफेने आवळलेल्या नळ्या तात्पुरत्या सुटतात. आतली सूज तशीच राहते, म्हणून आठ दिवसांनी पुन्हा तेच होते. दम्याचे निदान झाले तर सूज उतरवणारे औषध श्वासावाटे नियमाने, खोकला नसतानाही घ्यावे लागते. धाप लागल्यावर वापरायचा निळा पंप वेगळा आणि हा रोजचा पंप वेगळा. लहान मुलाला पंप नुसता तोंडात धरून देऊ नये, त्याला स्पेसर नावाची प्लास्टिकची नळी जोडावी लागते, नाहीतर बरेचसे औषध तोंडात आणि घशातच राहते. पंपाची सवय लागते आणि मग तो सुटत नाही, हा समज आपल्याकडे फार खोलवर गेला आहे आणि त्याने मुलांचे मोठे नुकसान केले आहे. पंपातील औषधाचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि तो हवा तिथेच पोहोचतो. उलट दर महिन्याला बाटलीतून स्टेरॉइड किंवा प्रतिजैविक पोटात जात असेल तर काळजी तिची करायला हवी. साध्या दम्याला प्रतिजैविकाचा उपयोग होत नाही. बाटलीवर काय लिहिले आहे ते तज्ज्ञांना दाखवा. चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग विभागाकडे जा. तिसरीतल्या मुलाची फुंकर मारून करायची फुफ्फुसांची तपासणी होऊ शकते, ती करून मागा. मध्यंतरी कधीही श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाऊ लागली, एक वाक्य सलग बोलता येईना किंवा ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

डॉक्टरांना पीक फ्लो मीटरबद्दलही विचारा. मूल जोरात फुंकर मारते आणि काटा पुढे सरकतो, असे ते हातात मावणारे साधे, स्वस्त यंत्र आहे. रोज सकाळी आणि संध्याकाळी तीन वेळा फुंकायला लावून त्यातला सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. शेजारच्या रकान्यात रात्री धूर होता का, किती वाजता होता, वारा कोणीकडचा होता आणि निळा पंप लागला का, एवढेच टिपायचे. माहेरी जाल तेव्हाही वही आणि यंत्र सोबत न्या. दोन-तीन महिन्यांत त्या वहीत असे काही दिसू लागेल की जे डॉक्टरांना औषधाचे प्रमाण ठरवायला उपयोगी पडेल आणि पुढे कोणत्याही अधिकाऱ्यासमोर ठेवता येईल. आपल्या यंत्रणेत ज्या आजाराचा कागद नाही तो आजार झालेलाच नसतो, आणि गावोगावच्या प्रदूषणाच्या तक्रारी हरतात त्या बहुतेक इथेच.

सासूबाईंबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. त्यांचा दम मुलाच्याच कारणाने असेल असे गृहीत धरू नका. खोकला दोन आठवड्यांहून जुना असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीची क्षयरोग तपासणी मोफत होते, ती आधी करून घ्या. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या फुफ्फुसांना त्या धुरानेही कायमची इजा झालेली असू शकते. हे सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. उद्या तुम्ही कारखान्याकडे बोट दाखवाल तेव्हा समोरून पहिला प्रश्न तुमच्या चुलीचा आणि कोळशाच्या शेगडीचा येईल. घरात शेगडी पेटत असेल तर ती आजपासून बंद करा. मुलासाठी ते तसेही आवश्यकच आहे, आणि त्यानंतर तुमच्या म्हणण्यातली एक मोठी फट बुजलेली असेल.

घरातल्या घरात आणखी थोडे करता येते, पण फार नाही, हे मी मोकळेपणाने सांगते. केर कोरड्या झाडूने काढण्याऐवजी फरशी ओल्या फडक्याने पुसा. मुलाचे अंथरूण धुराच्या बाजूच्या खिडकीपासून दूर करा. यजमानांचे कामाचे कपडे घरात येऊ देऊ नका, ते बाहेरच उतरवून वेगळ्या पाण्यात धुवा, कारण त्या कपड्यांवरची धूळ मुलाच्या पांघरुणापर्यंत पोहोचते. तुमच्याकडच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय झोपणे अशक्य असते, पण कूलर बाहेरचीच हवा आत ओढतो. ओल्या गवतात जाडी धूळ अडकते, बारीक धूळ आणि वायू मात्र सरळ आत येतात. शक्य असेल तर कूलर कारखान्याच्या विरुद्ध बाजूच्या खिडकीत बसवा आणि त्याच्या गवताची पॅडे वरचेवर धुवा. धूर उतरला असेल त्या रात्री मुलाला अंगणात किंवा गच्चीवर झोपवू नका. ओढणी किंवा रुमाल बांधून बारीक धूळ थांबत नाही. एन-९५ मास्क धुळीला उपयोगी आहे, वायूला नाही, आणि तो लावून कोणतेही मूल रात्रभर झोपू शकत नाही. म्हणून यावरचा खरा उपाय तुमच्या घरात नाही, चिमणीपाशीच आहे.

आता तक्रारीकडे वळू. चंद्रपूरची हवा वाईट आहे हे तुम्हाला नव्याने सिद्ध करावे लागणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांचे मूल्यमापन केले, त्यात चंद्रपूर प्रदूषणाच्या ८३.८८ गुणांसह देशातले चौथे सर्वांत प्रदूषित क्षेत्र ठरले, आणि जानेवारी २०१० मध्ये अशा अतिप्रदूषित क्षेत्रांत नव्या उद्योगांच्या पर्यावरणीय मंजुऱ्या काही काळ रोखण्यात आल्या. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात ज्या शहरांची हवा सुधारायची आहे त्यांच्या यादीतही चंद्रपूर आहे. अडचण वेगळीच आहे. जिल्हा प्रदूषित आहे हे सगळे मान्य करतात, पण तुमच्या गावात, अमुक रात्री, अमुक चिमणीतून काय आले याची जबाबदारी कोणीच घेत नाही. तुमची मागणी त्या नेमक्या जागी गेली पाहिजे.

त्यासाठी रात्री काय घडत असावे ते समजून घ्या. स्पंज आयर्न म्हणजे पोलादासाठी लागणारे कच्चे लोखंड. त्याच्या भट्टीत लोहखनिज आणि कोळसा एकत्र तापवतात. त्यातून निघणारा धुळीने भरलेला वायू इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर या यंत्रातून, ज्याला कामगार ईएसपी म्हणतात, गाळून मग चिमणीत सोडायचा असतो. हे यंत्र विजेवर चालते. ते बंद ठेवले तर वीज वाचते, आणि रात्री पाहायला कोणी नसते. शिवाय वीज गेली किंवा बिघाड झाला तर भट्टी वाचवण्यासाठी वरचे आपत्कालीन झाकण उघडतात, तेव्हा तो वायू न गाळताच बाहेर पडतो. तुमच्या गावात यातले नेमके काय होते ते मला माहीत नाही, आणि तुम्हीही तक्रारीत अंदाजाने आरोप लिहू नका. "अमुक तारखांना रात्री इतक्या ते इतक्या वाजेपर्यंत काळा धूर दिसला, त्या वेळी ईएसपी चालू होता का आणि झाकण उघडले होते का याची नोंद तपासावी" असे लिहा. दिवसा येणारा निरीक्षक दिवसाचीच चिमणी पाहून जातो, म्हणून रात्रीच्या अचानक पाहणीची मागणी स्पष्ट शब्दांत करा.

आणखी एक उत्तर तुम्हाला हमखास मिळेल, ते म्हणजे आकडे मर्यादेत आहेत. दहा मायक्रॉनपर्यंतच्या धुळीसाठी आपल्या देशाची चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. आता समजा, रात्री ५ तास हे प्रमाण ३०० होते आणि उरलेले १९ तास ४० होते, तर चोवीस तासांची सरासरी ९४ येते. कागदावर सगळे ठीक, आणि तुमचा मुलगा मात्र नेमक्या त्याच ५ तासांत अंथरुणात उठून बसलेला. त्यातही हवा मोजणारी स्वयंचलित केंद्रे चंद्रपूर शहरात आणि खुटाळा औद्योगिक वसाहतीत आहेत, तुमच्या अंगणात नाहीत. म्हणून सरासरी नको, तासागणिक आकडे मागा, आणि तुमच्या गावातच किमान काही आठवडे हवा मोजावी असा आग्रह धरा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली याच धुळीसाठी चोवीस तासांची मर्यादा ४५ सुचवली आहे, हेही बोलताना लक्षात असू द्या.

हे सारे तुमच्या एकटीच्या सहीने करू नका. यजमान त्याच कारखान्यात असताना पहिली सही तुमची असणे मला अजिबात पटत नाही. धाडस म्हणून ते मोठे असेल, पण त्याने मुलाच्या औषधाचा पैसाच बंद होऊ शकतो. हा विषय ग्रामसभेचा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी होणाऱ्या ग्रामसभांपैकी जी जवळची असेल तिच्या विषयपत्रिकेवर तो आगाऊ लेखी देऊन घ्या. बचत गटातल्या बायकांशी आधी बोला, कारण कोणाच्या घरी रात्री वाफेचे यंत्र चालते हे त्यांनाच माहीत असते. शेतकऱ्यांनाही सोबत घ्या. बोंडांवर काळी धूळ बसून कापसाचा भाव पडतो, हे त्यांचे रोजचे दुखणे आहे, आणि पिकाच्या नुकसानीचा पंचनामा सरकार आजाराच्या नोंदीपेक्षा लवकर करते. ठराव झाला की तो ग्रामपंचायतीच्या नावाने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयात आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावा, आणि प्रत्येक वेळी पोच घ्यावी.

सरपंच टाळाटाळ करत असतील तर माहितीच्या अधिकारात गावातील कोणीही प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज करू शकतो. फी १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. कारखाना चालवण्यासाठी मंडळाने दिलेले संमतिपत्र आणि त्यातील अटी, मागील तीन वर्षांचे पाहणी अहवाल, चिमणीवरील स्वयंचलित यंत्राचे आकडे, ईएसपीसाठी वेगळा वीजमीटर असल्यास त्याच्या नोंदी, आणि मंडळाने दिलेल्या नोटिसा एवढे मागा. कारखान्याला पर्यावरणीय मंजुरी लागली असेल तर अटींच्या पालनाचा अहवाल त्याने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो, तोही पाहा. त्यात लिहिलेली झाडे आणि पाणी मारलेले रस्ते प्रत्यक्षात आहेत का, हे गावाइतके चांगले दुसरे कोणी सांगू शकत नाही.

आरोग्य तपासणीचा खर्च कोण करणार, असाही प्रश्न येईल. तुमच्या जिल्ह्यात खाणींच्या पैशातून चालणारे जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे आणि आरोग्य, पिण्याचे पाणी व प्रदूषण नियंत्रण ही त्याची अग्रक्रमाची क्षेत्रे आहेत. गावातील शाळकरी मुलांची आणि ज्येष्ठांची फुफ्फुस तपासणी त्या निधीतून वैद्यकीय महाविद्यालयामार्फत व्हावी, असे ठरावातच लिहा. अशा तपासणीचे वजन किती असते ते मुंबईत चेंबूरजवळच्या माहुल-अंबापाड्याच्या लोकांनी दाखवले आहे. तेलशुद्धीकरण आणि रसायनसाठ्यांच्या शेजारी राहणाऱ्या या रहिवाशांनी पर्यावरणाचे दावे चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या पीठाकडे दाद मागितली तेव्हा केईएम रुग्णालयाने केलेले श्वसनविकारांचे सर्वेक्षण त्यांच्या बाजूने उभे राहिले. तेथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे न्यायाधिकरणाने २०१५ साली मान्य केले, आणि २०२० साली चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. अशा आदेशांना वरच्या न्यायालयात आव्हान मिळते, वर्षे जातात, हे खरे आहे. तरीही तुमच्यापुढे तो मार्ग आहे. मात्र प्रदूषणाविरुद्धच्या अर्जाला कारण घडल्यापासून ६ महिन्यांची मुदत असते, नुकसानभरपाईच्या अर्जाला ५ वर्षांची, त्यामुळे मंडळाच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. त्यासाठी चंद्रपूरच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.

यजमानांविषयी तुम्ही फक्त नोकरीच्या भीतीने लिहिले आहे, पण भट्टीजवळ रोज आठ तास तेच उभे असतात. त्यांना खोकला आहे का, शेवटची छातीची तपासणी कधी झाली, ती कोणी केली आणि अहवाल हातात दिला का, हे त्यांना शांतपणे विचारा. अशा कामगारांची ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी करून देणे ही मालकाची जबाबदारी आहे, आणि ठेकेदाराकडचा कामगार तिच्यातून वगळला जात नाही. पगारातून कर्मचारी राज्य विम्याची (ईएसआय) कपात होत असेल तर विमा क्रमांक मागून घ्या. त्या क्रमांकावर तुमच्या मुलाचेही उपचार होऊ शकतात, आणि कित्येक घरांत हे वर्षानुवर्षे माहीतच नसते. हजेरी कार्ड, पगाराची पावती, गेटपास यांच्या प्रती घरी ठेवा. काम गेलेच, तर ते तिथे होते हे दाखवायला एवढेच हाताशी असेल.

राहता राहिला माहेरचा प्रश्न. मी आज तुम्हाला घर मोडून जा असे म्हणणार नाही. आधी निदान होऊ द्या, रोजचे औषध नियमाने तीन महिने द्या आणि वहीतले आकडे पाहा. बहुतेक मुलांचा दमा एवढ्यात पुष्कळ आटोक्यात येतो. औषध नीट घेऊनही त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले किंवा पोटातून स्टेरॉइड वारंवार द्यावे लागले, तर मात्र थांबू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत वाईट असतात, कारण थंडीत हवेचा थर जमिनीलगत अडकून पडतो आणि धूर वर जात नाही. एवढे महिने तरी तो आजोळी राहील आणि तिथल्या शाळेत बसेल अशी सोय आत्ताच विचारून ठेवा. दोन्हीकडच्या मुख्याध्यापकांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली तर वर्ष वाया जाऊ नये. लोक काही बोलतील, सासरीही थोडी कुरकुर होईल, पण हे डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेले पथ्य आहे असेच सर्वांना सांगा.

रुग्णालयात जाताना आजवरच्या सगळ्या चिठ्ठ्या, रिकाम्या बाटल्या आणि गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून न्या, आणि दिवाळीत भंडाऱ्याला खोकला थांबला होता हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपणहून सांगा. तपासणीत काय निघाले ते मला जरूर कळवा. ठरावाचा आणि माहितीच्या अर्जाचा मसुदा पाठवलात तर तो तपासून परत पाठवीन.